धूळ पुसायची नाही

माझी बदली झाली त्याचं मला काडीचंही दुःख नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी चुकचुकत बसायला नको. आता मी तळमजल्यावर टपाल विभागात बसते, पाकिटांवर शिक्के मारते, आणि जेवणाच्या सुट्टीत जिना चढून माझ्या कपाटांकडे एक नजर टाकून येते. दाराशी उभं राहायला बंदी नाही. असती तरी मी गेले असते.

वर म्हणजे चौथ्या मजल्यावर. तिथे आमच्या संस्थेचा वनस्पतिसंग्रह आहे. झाडं दाबून वाळवायची, जाड कागदावर दोऱ्यानं टाचायची, कोपऱ्यात लेबल लावून कुठे, कधी, कुणी तोडली ते लिहायचं आणि लोखंडी कपाटात ठेवून द्यायची, हा तिथला धंदा. अशा एका कागदाला आम्ही शीट म्हणतो. दालनभर कपाटं, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि दोन खिडक्या, त्यातली एक धड उघडत नाही आणि दुसरी धड लागत नाही. मी तिथली संग्रहपाल होते. माझ्या आधी तिथेच माझी आत्या नोकरीला होती, त्यामुळे लोक वशिल्याची म्हणायचे. म्हणोत बापडे. मी परीक्षा देऊन लागले, आणि आत्यानं माझ्यासाठी शब्द टाकला असता तरी तिचा शब्द तिथे झेलणार कोण होतं?

आत्या विद्यापीठात पहिली आलेली. पण त्या काळी संस्थेची माणसं जंगलात झाडं गोळा करायला निघाली की हिला म्हणायचे, बाईमाणसाची मुक्कामाची सोय होत नाही. मुक्कामाची सोय म्हणजे एक तंबू. तो काही केल्या यांना मिळेना. एक वर्ष, दोन वर्षं, दर वेळी तेच. शेवटी आत्या म्हणाली, ठीक आहे, तुम्हाला जंगल, मला गल्ली. आणि तिनं शहर धरलं. गटाराच्या कडेची घोळ, भिंतीच्या फटीतली, तोडली की पांढरा चीक येणारी दुधी, बसथांब्यामागचा लव्हाळा, फरशीतून वर आलेली हरळी. रोज पायी कामावर यायची, पायी जायची, आणि पिशवीत डब्याशेजारी जुन्या वर्तमानपत्रात दाबलेलं काहीतरी असायचंच. त्याच त्या जागी ती दर वर्षी जायची. एकदा बघून काय कळतं, म्हणायची.

आणि तिचा एक हट्ट होता. जंगलातून आलेल्या झाडाची माती झटकतात, पानं पुसतात, मग टाचतात. आत्या पुसू द्यायची नाही. गल्लीतलं झाड जसं मिळालं तसं, धुळीसकट, काजळीसकट कागदावर. "धूळ पुसायची नाही," एवढंच. कारण विचारलं तर म्हणायची, "पुसली तर मग ते कुठलंही झाड झालं." दालनात तिला धुळाबाई म्हणायला लागले. ती ओ द्यायची.

त्या वेळचे मोठे साहेब अगदी खडूस होते. त्यांनी एकदा आत्याचा एक गठ्ठा उघडला आणि वरच्याच शीटवर चिठ्ठी चिकटवली: "कचरा. ठेवू नये." खाली सही, तारीख.

आता ही चिठ्ठीची भानगड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं महाभारत तिच्यावरून झालं. आमच्यात रीत अशी की ज्यानं शीटला हात लावला, त्यानं काय केलं ते चिठ्ठीवर लिहून, सही करून, ती शीटच्याच कोपऱ्यात चिकटवायची. झाडाचं नाव चुकलंय असं वाटलं, चिठ्ठी. पान काढून तपासलं, चिठ्ठी. दुसऱ्याचं पटलं नाही तर त्याच्या खाली तुमची वेगळी चिठ्ठी. पण आधीची काढायची नाही, खोडायची नाही, तिच्यावर दुसरी डकवायची नाही. मूर्खपणाची असली तरी नाही. हा नियम मोठ्या साहेबांनीच टाइप करून, चौकट करून दाराशेजारी लावला होता. अजून आहे. त्यामुळे त्यांची "कचरा" लिहिलेली चिठ्ठीही तिथेच राहिली आणि कचराही तिथेच राहिला, कारण चिठ्ठी लावलेली शीट टाकून देता येत नाही. स्वतःच्याच नियमात अडकले. मी नोकरीत नवी असताना आत्याला विचारलं होतं, तुला त्या चिठ्ठीचा राग येत नाही का? ती म्हणाली, "येतो की. पण खाली सही आहे. माणूस सही करून शिवी देतो तेव्हा निदान तोंड तरी दिसतं."

असो. तर आमच्याकडे सगळ्या शीटचे फोटो काढून संगणकावर चढवायचं काम आलं. शहरातल्या झाडाझुडपांचा अभ्यास करणारी एक मंडळी होती, त्यांच्या प्रकल्पातून. शहरात पूर्वी कुठे काय उगवत होतं, कधी फुलत होतं, आता काय उरलंय, हे त्यांना जुन्या शीटवरून बघायचं होतं. आणि कुणाच्या शीट असणार त्या? धुळाबाईच्या. जंगलवाल्यांकडे एक धड गवताची काडी नव्हती शहरातली. मी घरी येऊन आत्याला सांगितलं तेव्हा ती खुर्चीत बसून नखं कापत होती. म्हणाली, "उशीर केला." पण त्या दिवशी तिनं चहा दोनदा मागितला.

त्यांना धूळसुद्धा हवी होती. तेच तर खरं. आधी शीट आहे तशी फोटोत घ्यायची, मग एकेका पानावरची चिमूटभर काजळी प्रयोगशाळेत तपासायची, म्हणजे कुठल्या वर्षी हवेत काय होतं ते कळेल. आणि त्यातही त्यांना सगळ्यात आधी एक गठ्ठा हवा होता. वीजघरामागच्या गल्लीचा.

ती गल्ली म्हणजे आमची गल्ली. मी तिथे जन्मले. आमच्या खिडकीतून वीजघराचं धुराडं दिसायचं, आणि आई कपडे वाळत घालण्याआधी दोरी दोनदा पुसायची, तरी फडका काळा. बाबा म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. त्यांना खोकला होता. खोकला होता म्हणजे काय, आमच्या घरातलं घड्याळच होतं ते, पहाटे सुरू व्हायचं. डॉक्टर म्हणाले, सिगारेट सोडा. बाबांनी जन्मात सिगारेटला हात लावला नव्हता. गल्लीतली माणसं वीजघरावर गेली, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यानं तोंड वर करून सांगितलं, आमचा धूर त्या बाजूला येतच नाही, वारा उलटा असतो. पुरावा काय तुमच्याकडे? पुरावा कुणाकडे असणार, माणसं खोकत खोकत परत आली. बाबा गेले. पुढे काही वर्षांनी वीजघर बंद झालं, धुराडं पाडलं, तिथे आता गाड्या लावतात.

आणि या सगळ्या वर्षांत आत्या दर वर्षी, फुलं यायच्या दिवसांत, आमच्या खिडकीखालची एकदांडी तोडून नेत होती. सरळ उंच दांड्यावर एकच फूल येतं म्हणून एकदांडी. पानं खरखरीत, त्यांच्यावर बारीक लव, त्या लवेत काजळी अशी काही धरून राहते की बोटानं सुटत नाही. धुराडं चालू होतं तेव्हाची, बाबा आजारी पडले तेव्हाची, गेले त्या वर्षाची, धुराडं बंद झाल्यानंतरची. सगळी एका गठ्ठ्यात, एकाखाली एक. कुणी ती एका ओळीत मांडली असती तर काळी, काळी, काळी आणि मग एकदम हिरवट तपकिरी, असं दिसलं असतं. मी पाहिलंय मांडून. वारा उलटा म्हणे.

फोटो काढायला जो माणूस ठेवला होता तो आधी लग्नांचे फोटो काढायचा. म्हणून आम्ही त्याला लग्नवाला म्हणायचो. माझ्याच वयाचा, गुडघे दुखणारा, विनोदी. कॅमेरा वरून खाली तोंड करून बसवलेला, खाली शीट ठेवायची, बाजूला रंगांची पट्टी आणि मोजपट्टी, दोन्हीकडून दिवे. दर शीटला म्हणायचा, "जरा हनुवटी वर. हां." मग मला म्हणायचा, "ताई, ही गिऱ्हाइकं बरी, डोळे मिटत नाहीत." मला त्याचं काम आवडायचं. घाई नव्हती त्याच्यात.

घाई साहेबांना होती. हे आताचे साहेब, संचालक. मोठ्या साहेबांचे लाडके विद्यार्थी, स्वतः जंगली वृक्षांचे तज्ज्ञ, आणि बोलणं असं की जन्मभर नाकानं कांदे सोलत आलेत. संकेतस्थळाचं उद्घाटन ठरलं होतं, बडे पाहुणे येणार होते, पडद्यावर पहिले फोटो दाखवायचे होते. त्यांनी नमुन्याचे चार फोटो बघितले आणि मला बोलावलं.

"हे काय आहे?"

"दुधी आहे, सर. बसथांब्यामागची."

"मला दुधी कळते. ही घाण काय आहे? लोकांना वाटेल आपण कपाटं झाडत नाही."

मी सांगितलं. धूळ कसली, कुठली, कुणाला कशासाठी हवी. प्रकल्पाच्या कागदातच तसं लिहिलंय तेही सांगितलं. ते ऐकत होते, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी म्हणाले, "धुळीचं त्यांना काय करायचं ते करू देत नंतर, थोडी ठेवा कुठेतरी बाजूला. फोटोत पान स्वच्छ दिसलं पाहिजे. मऊ ब्रशनं पुसून घ्या."

"पुसायची नाही, सर."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही पुसणार. मी संग्रहपाल आहे. माझ्या कपाटातल्या शीटला ब्रश लागणार नाही."

तुमची कपाटं नाहीत, संस्थेची आहेत, असं काहीतरी ते म्हणाले. मग एकदम गोड झाले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. साहेब गोड बोलले की समजावं, घोडं कुठेतरी पेंड खातंय. दुसऱ्याच दिवशी मला परगावच्या एका बैठकीला पाठवायचा कागद आला. जाऊन आले. बैठकीत कपाटांच्या बिजागऱ्यांवर चर्चा झाली, देवाशपथ.

परत आले तर लग्नवाला दाराशीच उभा. विनोद नाही, काही नाही. "ताई, आधी माझ्याशी बोला, मग आत जा."

"काय झालं?"

"साहेब उभे होते शेजारी. स्वतः गठ्ठा काढून दिला. म्हणाले, पाहुण्यांना हाच दाखवायचाय, प्रकल्पवाल्यांनी हाच मागितलाय. मी म्हटलं, ताई येऊ देत. म्हणाले, उद्यापासून तूही येऊ नकोस मग." तो खाली बघत होता. "मी पुसला, ताई. ब्रशनं, आणि मग लेन्स साफ करायच्या रबरी फुग्यानं हवा मारून."

"कुठला गठ्ठा?"

त्याला सांगावं लागलं नाही. टेबलावरच होता. मी उघडला. आमच्या खिडकीखालची एकदांडी, वर्षामागून वर्ष, सगळी सारखी. स्वच्छ. तपकिरी. शाळेच्या पाठ्यपुस्तकात छापावी अशी. बाबा आजारी पडलेलं वर्ष आणि धुराडं पाडलेलं वर्ष, यात आता काही फरक नव्हता. धूळ कुठेय म्हणून विचारलं तर म्हणाला, खिडकीतून झटकली. ती जी धड लागत नाही ना, तिच्यातून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला काय काय बोलले ते इथे सांगत नाही. तो ऐकून घेत होता, त्यामुळे आणखीच चीड येत होती. बोलून बोलून घसा बसला तेव्हा मी खाली बसले आणि रडले. हो, रडले. बाबा गेले तेव्हासुद्धा आईला सांभाळायच्या नादात माझं रडायचं राहून गेलं होतं. एक वर्षभराची काजळी त्या एका पानावर होती आणि तेवढीच त्यांच्या छातीत होती, आणि ती या माणसानं कबुतरांवर झटकली होती.

मग मी उठले, तोंड धुतलं आणि चिठ्ठ्यांचा डबा काढला.

"आता काय?" लग्नवाल्यानं विचारलं.

"आता नियम. शीटला हात लावला ना? मग चिठ्ठी."

मी लिहिलं: "या नमुन्यावरची काजळी पुसून टाकली. आदेश: संचालक." आणि त्याच्यापुढे पेन धरलं. खरं सांगते, मला वाटलं तो पळेल. त्याच्या पोटाचा प्रश्न होता. त्यानं वाचलं, पेन घेतलं आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: "पुसणारा: मी." आणि सही ठोकली. म्हणाला, "लग्नात नवऱ्या मुलाच्या कपाळावरचा डाग मी फोटोतून काढून टाकायचो, ताई. त्याचे पैसे मिळायचे. हे तसलं नाही, एवढं कळतं मला." आम्ही दोघांनी मिळून गठ्ठ्यातल्या प्रत्येक शीटवर चिठ्ठी लावली. मग एकेक शीट पुन्हा कॅमेऱ्याखाली. चिठ्ठी फोटोत यायलाच हवी असते, नाहीतर फोटो बाद. तो एकदाही हनुवटी वर म्हणाला नाही.

साहेबांनी संगणकावर पाहिलं आणि ते स्वतः चौथा मजला चढून आले. लिफ्ट आमच्याकडे एकच, तीही सामानाची; तिची वाट बघण्याइतकाही धीर नव्हता.

"काढा त्या चिठ्ठ्या."

मी दाराशेजारच्या चौकटीकडे बोट दाखवलं. "तुमच्या गुरूंचा नियम आहे, सर."

"मी आदेश दिलेला नाही. मी सूचना केली होती."

"मग तसं लिहून खाली चिठ्ठी लावा. सही करून. जागा आहे."

लग्नवाला खोकला. हसू दाबत होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "जगभर दिसणार आहे हे."

"म्हणूनच तर."

"मॅडम, तुम्ही एका वाळलेल्या रोपट्यासाठी संस्थेचं नाव खराब करताय. आणि करून उपयोग काय? धूळ गेली. होती की नव्हती, किती होती, आता कुणी सिद्ध करू शकत नाही. उद्या कुणी म्हणालं नव्हतीच, तर?"

बरोब्बर तेच वाक्य. पुरावा काय तुमच्याकडे. मला तो वीजघरावरचा अधिकारी समोर उभा दिसला. आणि दुःख याचं की साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं. चिठ्ठीनं माणूस पकडता येतो, काजळी परत आणता येत नाही.

एक गोष्ट उरली होती. शीटच्या वरच्या कोपऱ्यात कागदाची एक छोटी पुडी चिकटवलेली असते. वाळताना गळून पडलेलं पान, बी, पाकळी टाकायची नाही, त्या पुडीत घालून ठेवायची. पुड्या यांनी उघडल्या नव्हत्या. लग्नवाल्याला त्या माहीतच नव्हत्या, आणि साहेबांना घाईत आठवल्या नव्हत्या. पण पुडीत काय असेल ते मला ठाऊक नव्हतं. कधी पान असतं, कधी नुसता देठ, कधी काहीच नाही. आणि जुनं पान असं होतं की चुकीचा हात लागला तर त्याचा भुगा. गोळा करणारं माणूस हयात असेल तर त्याला विचारल्याशिवाय पुडी उघडायची नाही, हीसुद्धा आमची रीत. मी साहेबांना म्हटलं, पुड्या आहेत अजून. उद्या उघडू. ते म्हणाले, उघडा, आणि मग हा तमाशा संपवा.

घरी गेले. आत्याला सांगायचं कसं, याची रस्ताभर उजळणी केली आणि दारात पाऊल टाकल्या टाकल्या सगळं विसरले. ती म्हणाली, "फोटोंचं कुठवर आलं, ठमे?" पन्नाशी उलटली तरी मी ठमीच. मी सांगून टाकलं.

मला वाटलं हिला धक्का बसला, पाणी आणायला उठले.

"बस खाली. पुड्या?"

"तशाच आहेत. काय ठेवलं होतंस त्यांत?"

"आठवत नाही गं." तिचा आवाज एकदम म्हातारा झाला. "इतकी वर्षं झाली. तो गेला त्या वर्षी मी ती एकदांडी तोडली एवढं आठवतंय. दहाव्याच दिवशी तोडली. तुझी आई म्हणाली, वन्सं, आज तरी राहू द्या. मी म्हटलं, आजच तर नेते. पण पुडीत काय घातलं, ते आठवत नाही." मग म्हणाली, "उद्या मी येते."

"तुला चार जिने चढवणार आहे का मी?"

"मालाची लिफ्ट आहे ना? मी माल म्हणून येते."

आणि आली. काठी टेकत, गळ्यात भिंग लटकवून, सामानाच्या लिफ्टमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यांशेजारी उभी राहून. दालनात शिरल्यावर तिनं आधी वास घेतला आणि म्हणाली, गोळ्या कमी टाकता हल्ली. साहेब होतेच. त्यांनी खुर्ची पुढे केली, वाकून नमस्कार वगैरे केला. वाईट माणूस नाही हो तो. आपण केलेल्या गोष्टीखाली आपलं नाव नको, एवढंच त्याचं दुखणं.

आत्यानं भिंग लावून एकेक शीट पाहिली. तिला आता भिंगाशिवाय फार दिसत नाही. "चकाचक केलीत," एवढंच म्हणाली. मग लग्नवाल्याकडे वळली. "तूच का तो?"

"हो, आजी."

"सही बरी आहे तुझी. वाचता येते."

मग आम्ही पुड्या उघडायला लागलो. ती सांगेल तशी घडी मी सोडवायची, खाली पांढरा कागद. पहिलीत बिया. दुसरीत एक देठ. पुढचीत काहीच नाही. साहेब घड्याळ बघत होते. आणखी एकीत पान होतं, पण कागद पुढे ओढताना त्याचा माझ्याच हातून चुरा झाला, आणि तो चुरा काळा की तपकिरी हे कुणालाच नीट सांगता येईना. साहेबांनी सुस्कारा सोडला. मी म्हटलं, "आत्या, पुढची तू उघड."

"माझे हात तुझ्याहून थरथरतात. ही कुठली?"

मी लेबल वाचलं. बाबा गेले ते वर्ष.

"दे इकडे," ती म्हणाली.

तिनं चष्मा काढून ठेवला, भिंग डोळ्याला लावलं आणि नखानं घडी उचलली. तिचे हात थरथरत होते, खरंच. पुडीला लागेपर्यंत थरथरत होते. मग थांबले. आत एक पान होतं. अख्खं. दातेरी कडेचं, लांबट, आणि काळं. वाळून काळं पडतं तसलं नाही, काजळीचं काळं, लवेत दाट भरलेलं. घडीच्या कागदाच्या आतल्या बाजूला त्या पानाचा ठसा उठला होता, तोही काळा. आत्यानं पुडी तशीच उघडी पांढऱ्या कागदावर ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

मग आत्या साहेबांना म्हणाली, अगदी सावकाश, शिकवल्यासारखं, "माझ्या भावाच्या छातीत हेच होतं."

साहेब भिंग न घेता बघत होते. घ्यायची गरजच नव्हती.

आत्यानं चिठ्ठी मागितली. मी म्हटलं, मी लिहिते, तू सही कर. नाही म्हणाली. मोठ्या, वाकड्या अक्षरात, एकेक शब्द भिंगातून बघत लिहिलं: "धूळ होती. मी पाहिली आहे." सही केली. वरच्या चिठ्ठीखाली जागा राखून मीच ती चिकटवली. आणि मग मी तिसरी काढली. "पुडी उघडली. आत काजळीसह पान." माझी सही. आणि पेन साहेबांकडे केलं.

"तुम्ही हजर होतात, सर. तेवढंच लिहा."

त्यांनी पेनाकडे पाहिलं. मला क्षणभर वाटलं घेतात. मग म्हणाले, "तुमच्या बदलीचा विचार करावा लागेल मला."

"करा. बदलीच्या कागदावर तरी सही करालच ना."

ते गेले. या वेळी लिफ्टची वाट बघत उभे राहिले होते, बराच वेळ, पाठमोरे. मी त्याच चिठ्ठीवर खाली लिहिलं: "संचालक हजर होते. सही केली नाही." आणि ती चिकटवली.

लग्नवाल्यानं शीट दोन्ही हातांवर घेतली आणि कॅमेऱ्याखाली ठेवली, पुडी उघडीच ठेवून, पान आत तसंच. दिवे लावले. मग म्हणाला, डिंक ओला आहे, चमकेल, थोडं थांबावं लागेल. आम्ही थांबलो. त्यानं आत्याला चहा आणून दिला. तिनं तो बशीत ओतला आणि पिता पिता मधेच एकदा विचारलं, वाळला का.

"वाळला, आजी."

"मग काढ," आत्या म्हणाली. "आणि पुसू नकोस."